पानी कोनतं टाकता?

आमच्या गाडीत एक पलंग आहे. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, खाली कपड्यांचे कप्पे. 2019 मध्ये ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ह्यांना सलग अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. एस.टी. बंद झाली, कारही बंद झाली. रेल्वेत आडवं व्हायला मिळतं, पण अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या दर्यापूरहून रेल्वे गाठायची म्हणजे आधी मूर्तिजापूर नाहीतर बडनेरा गाठायचं. तीन वर्षं दवाखाना सोडला तर हे घराबाहेर पडले नाहीत.

शेवटी मुलानं 2022 मध्ये एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आतल्या सीटा काढल्या आणि एका फॅब्रिकेटरकडून घर बसवून घेतलं. पलंग, ओटा, बारका फ्रिज, 150 लिटरची पाण्याची टाकी, टपावर दोन सोलर पॅनेल. आर.टी.ओ.च्या कागदांना चार महिने लागले. आता आर.सी.वर ती मोटार कॅरॅव्हॅन आहे, आणि गल्लीतली पोरं तिला घरगाडी म्हणतात. आम्हीही तेच म्हणायला लागलो. चालवतो माझा पुतण्या. ट्रॅक्टरवर तयार झालेला हात आहे त्याचा.

मला जायचं होतं मेळघाटात. जिल्हा परिषदेच्या नोकरीची माझी पहिली नऊ वर्षं धारणी तालुक्यातल्या एका कोरकू गावात गेली. हे तेव्हा महिन्यातून दोनदा दर्यापूरहून यायचे, परतवाड्यापर्यंत एका गाडीनं, पुढे मिळेल त्या गाडीनं. ती शाळा ह्यांना पुन्हा दाखवायची, एवढीच इच्छा होती.

2024 च्या फेब्रुवारीत निघालो. अंजनगाव, परतवाडा सुरळीत गेलं. परतवाडा सोडलं की रस्ता सातपुड्यात शिरतो, सागाचं जंगल सुरू होतं आणि घटांगकडे चढण लागते. पाचव्या की सहाव्या वळणावर पुतण्या एकदम गप्प झाला. मी पुढे त्याच्या शेजारी बसले होते. पाहिलं तर तापमानाचा काटा लाल पट्टीच्या कडेला. त्यानं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तोंडावर वाफेचा झोत. एक तास थांबलो, पाणी टाकलं, पुन्हा निघालो. चार किलोमीटरवर पुन्हा तेच. हे पलंगावरून एवढंच म्हणाले, "परत चला. पुढं जंगल आहे." आम्ही वळलो. उतारावर काटा आपोआप खाली आला, आणि सपाटीवर दर्यापूरपर्यंत गाडीला काहीही झालं नाही.

'सपाटीवर काहीही होत नाही' हे वाक्य पुढच्या चार महिन्यांत मी प्रत्येक मिस्त्रीला सांगितलं. ते नीट ऐकून घेणारा माणूस भेटायला जूनच उजाडावा लागला.

पहिले मिस्त्री घराजवळचे. बॉनेट उघडलं, पुतण्याला एकदा रेस करायला लावली आणि म्हणाले, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचा सील, गेलं. 38,000 लागतील, गाडी ठेवून जा, उद्या सकाळी हेड खोलतो. मला इंजिनातलं तेव्हा काही कळत नव्हतं. पण पस्तीस वर्षं वर्गात गेली. मुलाची वही न पाहता त्याला नापास ठरवणारा मास्तर कसा दिसतो, ते मला ठाऊक आहे. त्यांनी रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी, पाहिलं नाही, तेलाची पट्टी काढून पाहिली नाही, कधी तापते ते विचारलं नाही. विचार करून सांगते म्हटलं आणि गाडी घेऊन आले.

दुसऱ्या वेळी मुलाच्या आग्रहानं शहरातल्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला गेलो. एप्रिलचं ऊन, सकाळी आठला पोचलो. जागा स्वच्छ, पोरं गणवेशात, बसायला कूलर. साडेअकराला सुपरवायझर बाहेर आले आणि म्हणाले, मॅडम, ही गाडी आम्हाला घेता येणार नाही. आत काय वायरिंग केलंय माहीत नाही, वजन किती आहे माहीत नाही, लिफ्टवर घेऊन काही झालं तर जबाबदारी कोणाची? त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण हे साडेतीन तास आधी गेटवरच सांगता आलं असतं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या गाडीत माणूस आडवा पडलेला होता. मला ते लागलं, आणि अजून लागतं.

तिसरं गॅरेज हायवेवरचं, ट्रकवाल्यांचं. तिथल्या उस्तादांनी दहा मिनिटांत काम केलं: थर्मोस्टॅट काढून टाकला. "आता पाणी सरळ फिरते, गरम होनारच नाई." 2,200 रुपये. काढलेला भाग मी मागितला तर, भंगार आहे, काय करता, म्हणाले. पुढचे पंधरा दिवस सपाटीवर गाडी छान थंड राहिली. जरा जास्तच थंड. लिटरला दहाच्या आसपास चालणारी गाडी आठवर आली. थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप असते. इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, कारण डिझेल इंजिन नीट चालायला त्याला 80-90 अंशांची ऊब लागते. ती झडपच काढली तर इंजिन थंडच धावतं आणि डिझेल वाया जातं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मे संपता संपता पुन्हा घटांगची चढण घेतली आणि काटा पुन्हा लाल पट्टीवर. वळण तेच.

त्या दिवशी आम्ही तिथल्या सागाखाली दोन तास बसलो. रस्त्यावरून काळी-पिवळी जीपगाड्या चढत होत्या. आत दहा-बारा माणसं, टपावर पोती, कोंबड्यांच्या टोपल्या, एका गाडीवर तर सायकल. सगळ्या दुसऱ्या गिअरमध्ये, आमच्यापेक्षा जुन्या, आमच्यापेक्षा जास्त लादलेल्या. एकही थांबत नव्हती. हे पलंगावरून खिडकीतून बघत होते. म्हणाले, "ह्यांच्या गाड्या कोण दुरुस्त करतं?"

चार महिने मी चुकीच्या माणसांना विचारत होते. ओळखीतल्या कारवाल्यांना, शाळेतल्या सहकाऱ्यांना, मुलाच्या मित्रांना. त्यांच्या गाड्या सपाटीवर चालतात आणि वर्षातून एकदा तेल बदलायला जातात. त्यांना चांगला वाटणारा मिस्त्री म्हणजे गोड बोलणारा आणि संध्याकाळी गाडी परत देणारा. ज्याची रोजची भाकर त्या चढणीवर अवलंबून आहे, त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतवाड्याच्या जीपस्टँडवर गेले. दुपारची वेळ, पॅसेंजर भरायचे थांबलेले, ड्रायव्हर कडुलिंबाखाली. मी सात-आठ जणांशी बोलले. 'चांगला मिस्त्री कोण' असं विचारलंच नाही. त्यानं नुसती नावं मिळतात. विचारलं, तुमची स्वतःची गाडी शेवटची कोणाकडे गेली होती, कशासाठी, आणि त्याच कामासाठी परत न्यावी लागली का? दोन नावं पुन्हा पुन्हा आली. एकाचं काम स्वस्त आणि चटकन. दुसऱ्याबद्दल एक वयस्कर ड्रायव्हर म्हणाले, "त्याच्याइथं टाइम लागते बाई. दोन दिवस सांगन तं चार लावते. पन गाडी वापस नाई येत." बाजूच्यानं मान हलवली, "शिव्या देतो आमी त्याले. जातो मातर तिथंच."

मी दुसऱ्याकडे गेले.

बैतूलच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथं पत्र्याची शेड. बोर्ड नाही. तीन जीपा, एक शाळेची बस, एक धान्याचं मालवाहू वाहन. मिस्त्री पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, तर मीही भाऊच म्हणते. त्यांनी आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले, खिशातून टेप काढला, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत माप घेतलं. उजव्या बाजूला जाऊन तेच. मग मला म्हणाले, सांगा.

मी सगळं सांगितलं. 'सपाटीवर काहीही होत नाही' म्हटल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाले, "चढावरच. बरं." बॉनेट उघडायला पुतण्या पुढे झाला तर हातानं थांबवलं. "आता इंजन गरम हाय. गरम इंजन काई सांगत नाई. रातभर अथीच उभी राहू द्या, सकाळी पाहू." आणि मग जरा अडखळत, "तुमची झोपायची सोय कुठं?"

आमची सोय गाडीतच होती. त्या रात्री आम्ही मिस्त्रींच्या अंगणात झोपलो. त्यांच्या घरातून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला. ह्यांनी बऱ्याच महिन्यांनी पोटभर खाल्लं.

सकाळी सहाला भाऊ आले. तोंड धुतलेलं, हातात चहाचा कप. रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, बोट बाहेर काढून अंगठ्यावर घासलं. बराच वेळ घासलं, जसं आपण पीठ जाड की बारीक ते पाहतो. मग मला बोलावून माझ्या बोटावर तेच पुसलं. भुरकट, पांढुरकं, हाताला खरखरीत.

"पानी कोनतं टाकता?"

"घरचंच. बोअरचं."

"गाव कोनतं तुमचं?"

"दर्यापूर."

त्यांनी कप खाली ठेवला. "मंग होनारच."

मला काही सुचेना, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. आमचा सगळा भाग खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. जमिनीखालचं पाणी मिठाचं. प्यायला नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, बाकी सगळं बोअरवर. भांड्यांवर पांढरे डाग, नळाच्या तोटीला खवले, पाणी तापवायच्या हंड्यात दर दोन महिन्यांनी खरवडायचा थर, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघते. पाचवीच्या वर्गाला दुष्फेन, म्हणजे क्षारांचं, पाणी मीच शिकवलं. आणि गाडीत पाणी कमी दिसलं की पुतण्या त्याच बोअरचं पाणी बादलीनं आणून ओतत होता, दोन वर्षं. आधीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात घालतात ते रसायन, त्यात पातळ होत होत नावापुरतंही उरलं नव्हतं.

भाऊंनी तरीही एकेक गोष्ट तपासली. तेलाची पट्टी काढून दाखवली: गॅस्केट फुटून तेलात पाणी गेलं असतं तर तेल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं, हे काळंच आहे. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहायला लावलं: बुडबुडे नाहीत, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत नाही. धुराड्याशी पांढरा धूर नाही. "गॅस्केट ठीक हाय. अजून तरी." गाडी तापली की थांबवून आम्ही नशीब राखलं, नाहीतर हेड वाकायला वेळ लागला नसता, असं म्हणाले. 38,000 चं काम लागणार नव्हतं.

मग इंजिन तापू दिलं, बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवर समोरून हाताचा पंजा हळूहळू फिरवला. माझा हात धरून नाही, पण माझ्या हाताला कुठे फिरवायचं ते दाखवलं. वरचा भाग चटका बसेल असा. खाली उजव्या कोपऱ्याकडे येता येता एकदम कोमट, मग जवळजवळ गार. तिथून पाणी जातच नव्हतं. सपाटीवर इंजिनावर ताण कमी आणि समोरून वारा भरपूर, त्यामुळे अर्धं रेडिएटरही पुरतं. चढणीवर गाडी हळू, वारा नाही, इंजिन पूर्ण जोर लावून ओढतंय, तेव्हा अर्ध्यानं भागत नाही. फेब्रुवारीपासून जे वाक्य मी सांगत फिरत होते, त्याचा अर्थ मला माझ्या तळहातावर कळला.

रेडिएटर धुऊन चालेल का, मी विचारलं. नाही म्हणाले. नवीन बसवलं, पाण्याचा पंपही बदलला, कारण त्याची पाती खाऊन टाकली होती खाऱ्या पाण्यानं. थर्मोस्टॅट नवा घातला. रेडिएटरचं झाकणही नवं. झाकण म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखंच काम करतं, दाब धरतं म्हणून आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. जुन्या झाकणाचं रबर सुकून फुटलेलं होतं. आणि कूलंट, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीसाठी कॅनमध्ये मिळतं.

जुनं रेडिएटर त्यांनी बाजूला ठेवलं नाही. हॅक्सॉ घेतला आणि एका कोपऱ्यातून आडवं कापलं. आतल्या नळ्या चपट्या, काडेपेटीच्या काडीच्या जाडीच्या. निम्म्याहून जास्त नळ्यांची तोंडं पांढऱ्या-तांबूस थरानं बुजलेली, काहींमध्ये सुईदेखील गेली नसती. तो कापलेला तुकडा मी घरी आणलाय. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलाय. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते, कारण आमच्या तालुक्यात ट्रॅक्टर, जीप, बस सगळ्यांत लोक हेच पाणी ओततात.

इथं काम संपलं असं मला वाटलं. भाऊंचं संपलं नव्हतं. टेपनं घेतलेलं माप त्यांच्या डोक्यात होतं: मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन इंच खाली. "गाडी तोलली का कधी?" कधीच नाही. घर बसवणाऱ्यानं तोलली नाही, आम्हीही नाही. जिनिंगचा हंगाम संपलेला होता, कापसाच्या गाड्या मोजायचा वजनकाटा रिकामाच उभा. भाऊंनी फोन केला. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. टाकी भरलेली, सिलिंडर, भांडी, पांघरुणं, आम्ही तिघं आत. आर.सी.वर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा 140 किलो जास्त, आणि बहुतेक सगळं मागच्या चाकांवर. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे, डाव्या बाजूला बसवलेली. 150 लिटर म्हणजे 150 किलो, लोंबकळत. त्यावर 19 मिलिमीटर प्लायची कपाटं. डाव्या चाकावरच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांतला एक पाटा तडकला होता.

पाटे बदलले. टाकीची जागा बदलायचं काम पुढे पावसाळ्यात फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. तोवर अर्धीच भरायची असं ठरलं, आणि मी माझी लोखंडी पेटी उतरवली, जी मी 'लागेल' म्हणून बाळगत होते.

चाकांकडे बघून पुतण्या म्हणाला, टायर नवे आहेत, खाच पूर्ण आहे. भाऊंनी टायरच्या कडेवरची चार अंकांची संख्या दाखवली: 2316. म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर. घरगाडी वर्षाला फार तर तीन-चार हजार किलोमीटर चालते, त्यामुळे खाच झिजत नाही. पण उन्हात उभं राहून रबर आतून वाळतं, आणि आमचा विदर्भातला मे महिना कुठल्याच रबराला सोसत नाही. कडेला बारीक चिरा होत्या, नखानं चाचपल्यावर लागणाऱ्या. टायरचा खर्च सगळ्यांत मोठा झाला आणि तो करताना माझा हात आखडला, हे खरं. पण घाटात उतरताना मागच्या पलंगावर कोण झोपलेलं असतं ते मला दिसत होतं.

ब्रेक ऑइलही तसंच. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि त्यात पाणी शिरलं की लांब उतारावर ड्रम तापले की तेच उकळतं, पेडल पायाखाली मऊ होत जातं. दोन वर्षांनी बदलायचंच, किलोमीटर कितीही होवोत. आमचं कधी बदललं कोणाला माहीत नव्हतं. बाटलीत काढलेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं. नवीन भरून भाऊंचा पोरगा आणि पुतण्या, एक पेडलवर आणि एक चाकापाशी, तासभर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत होते.

मग मी फ्रिजचं विचारलं. गाडी दिवसभर चालली तरी आतली बॅटरी भरत नव्हती, रात्री फ्रिज बंद पडायचा. भाऊंनी ओट्याखालचं दार उघडलं, आतल्या वायरींकडे पाहिलं आणि दार लावलं. "हे मले नाई येत बाई." एवढंच. ना आढेवेढे, ना 'बघतो'. चार महिन्यांत हे वाक्य मी कोणाकडूनही ऐकलं नव्हतं, आणि ज्यांना यायला हवं होतं त्यांनी ते म्हटलं असतं तर माझा मार्च ते मे वाचला असता. त्या क्षणी मला ह्या माणसाबद्दल खात्री पटली, रेडिएटर कापलं तेव्हासुद्धा तेवढी नव्हती पटली.

त्यांनी अचलपूरच्या एका पोराला फोन लावला. आय.टी.आय. झालेला, शेतातले सौर पंप बसवणारा. तो मोटारसायकलवर मीटर घेऊन आला आणि वीस मिनिटांत दोष दाखवला. इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपासून मागच्या बॅटरीच्या चार्जरपर्यंत घरात वापरतो तसली 4 स्क्वेअरची, म्हणजे 4 चौरस मिलिमीटर छेदाची, वायर ओढली होती, येऊन-जाऊन बारा मीटर. घरात 230 व्होल्टमध्ये दोन व्होल्ट वाटेत गेले तर कळतही नाही. इथं 12 व्होल्टमध्ये दोन गेले, तर बॅटरीपर्यंत काय पोचणार? वायरीला हात लावायला सांगितलं, ती गरम होती. शिवाय बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. वायर पत्र्याला घासून सोलली असती तर पलंगाखालीच आग लागली असती. हे त्यानं शांतपणे सांगितलं, आणि मी ह्यांच्याकडे पाहू शकले नाही. त्यानं 25 स्क्वेअरची वायर टाकली, दोन्ही टोकांना फ्यूज दिले, पत्र्यातून जाते तिथं रबरी नळी घातली.

सांगितले होते चार दिवस, लागले सात. हिशेब एका वहीच्या पानावर, भागाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी, दुकानाची पावती प्रत्येकाला टाचलेली. जुने भाग एका पोत्यात घालून गाडीत ठेवले होते, मी न मागता. टायर धरून सगळं मिळून 71,400 रुपये. लहान रक्कम नाही. निवृत्तीच्या पैशातून दिली.

जुलैत, पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर, आम्ही पुन्हा निघालो. सागाला नवी पानं, रस्त्यावर ठिकठिकाणी वरून ओहोळ. पाचवं वळण, सहावं. मी रस्ता पाहतच नव्हते, माझी नजर काट्यावर. तो मधल्या रेघेच्या जरा खाली चिकटून राहिला होता, हललाच नाही. जिथं फेब्रुवारीत थांबलो होतो आणि मे महिन्यात सागाखाली बसलो होतो, ती जागा मागे गेली. पुतण्यानं हॉर्न वाजवला. घटांगला गाडी थांबवून चहा घेतला, ह्यांना उठवून बाहेर दहा मिनिटं उभं केलं. समोर ढग दरीत उतरले होते. एका काळी-पिवळीच्या ड्रायव्हरनं ओळखलं आणि हात केला. स्टँडवरच्या कडुलिंबाखाली जे म्हणाले होते 'गाडी वापस नाई येत', तेच.

शाळा आता दोन खोल्यांवरून चार खोल्यांची झालीय. आम्ही रात्री शाळेच्या आवाराबाहेर मुक्काम केला. गावातल्या एका बाईनं मला 'मॅडम' म्हणून हाक मारली. तिला मी दुसरीत शिकवलं होतं, आता तिचा नातू दुसरीत आहे. ह्यांनी पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून तिच्याशी तासभर गप्पा मारल्या, जुन्या मास्तरांची नावं काढत.

परतीच्या वाटेवर परतवाड्याला शेडपाशी थांबलो. भाऊ बसच्या खाली होते, बाहेर आले नाहीत, नुसता आवाज आला, "तापली का?" नाही म्हटलं. थोड्या वेळानं हात पुसत बाहेर आले आणि माझी वही मागितली. मी आता गाडीची वही ठेवते, तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणी केलं. त्यांनी शेवटच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं: तेल, नोव्हेंबर. मी म्हटलं, तोवर हजार किलोमीटरही होणार नाहीत. "किलोमीटर पाहू नोका बाई," म्हणाले, "महिना पाहा." मग शेडच्या कोपऱ्यातून डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन उचलून त्यांनी पुतण्याच्या हातात दिला, आणि त्याच्याकडे बघून, अजिबात न हसता, पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"याच्यातलंच, भाऊ," पुतण्या म्हणाला.